‘मेजर’चं मराठी काय करायचं? नव्यानं भाषांतराला बसणाऱ्यांसाठी

मे महिना, दुपारचे तीन. सिव्हिल लाइन्समधल्या माझ्या टेबलावर कूलरच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पंचिंग मशीन ठेवलेलं होतं. समोर कामठीकडच्या एक काकू बसल्या होत्या. यजमान वारलेले, वारसांचं शपथपत्र इंग्रजीत झालेलं, आणि त्याची मराठी प्रत त्यांना हवी होती. शपथपत्रात लिहिलं होतं की मृताचे दोन्ही मुलगे ‘मेजर’ आहेत. मी टाइप केलं, ‘दोन्ही मुलगे मोठे आहेत’, आणि वाचून दाखवलं.

काकू म्हणाल्या, “काऊन जी, दोन्ही मोठे कसे? मोठा एकच हाय माहा. दुसरा लहान.”

मी हसलो. मग इंग्रजी कागद पुन्हा वाचला आणि हसू गेलं. दोन्ही मुलांना 18 वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यांच्या वतीनं कोणी पालक सही करणार नाही, एवढंच त्या वाक्याला सांगायचं होतं. माझ्या मराठीतून नेमकं तेच गळलं होतं. शब्द हवा होता ‘सज्ञान’.

त्यानंतर मी एक वही केली. कोणत्या कागदात ‘मेजर’ आला आणि त्याचं मराठी काय झालं, एवढंच तिच्यात लिहीत गेलो. शब्द तसा साधा. शाळेत शिकवतात : मेजर म्हणजे मोठा, महत्त्वाचा. पण नागपुरात भाषांतराचं काम करायचं तर रस्ते, धरणं, खाणी, कोर्ट, दवाखाना, छावणी, सगळ्यांचे कागद टेबलावर येतात आणि प्रत्येकाचा मेजर वेगळा निघतो. डिसेंबरात अधिवेशन आलं की त्यात आणखी भर. नव्यानं या कामाला लागलेल्यांनी माझ्यासारखं काकूंकडून शिकू नये, म्हणून त्या वहीतून हे काढून देतो आहे.

हाताशी काय ठेवाल

– मूळ इंग्रजी कागद, पूर्ण. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर एका परिच्छेदाचा फोटो पाठवतं, तेवढ्यावर काम घेऊ नका.
– हा कागद कोणत्या खात्यात किंवा बँकेत जाणार आहे, त्याची कोपऱ्यात पेन्सिलनं नोंद.
– इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. इंग्रजी-मराठी कोशात समोर पाच प्रतिशब्द दिसतात, पण त्यातला कोणता कुठं, ते कळत नाही.
– भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश. ते ऑनलाइन फुकट पाहता येतात.
– त्याच खात्याचा एखादा जुना मराठी कागद : शासन निर्णय, निविदा, सातबारा, जे मिळेल ते. माझ्या अनुभवात ही शेवटची वस्तू बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

1. ‘कोणापेक्षा?’ हा प्रश्न आधी विचारा

लॅटिनमध्ये ‘माग्नुस’ म्हणजे मोठा आणि ‘मायोर’ म्हणजे त्याहून मोठा. इंग्रजीतला मेजर या दुसऱ्या रूपातून आलेला आहे. मेयरही तिथूनच आला, म्हणजे आपला महापौर. आपलं ‘महा’ आणि त्यांचं ‘माग्नुस’ हेही मुळात एकाच घराण्यातले शब्द, त्यामुळे मेयरला महापौर म्हणताना आपण फार लांब गेलेलो नाही.

हे कुळ सांगण्याचं कारण असं की मेजर हा जन्मानंच तुलनेचा शब्द आहे. तो दिसला की समोर कोणीतरी लहान उभा असतो. कधी कागदात दिसतो, कधी लिहिणाऱ्याच्या मनात असतो. म्हणून प्रतिशब्द शोधायला धावण्याआधी ‘कोणापेक्षा मोठा?’ हे विचारा.

2. जोडीदार शोधा

मागचं पान, पुढचं पान, नियमाचं नाव पाहा. जवळपास ‘मायनर’ दिसतो का? ‘मीडियम’ दिसतो का? ‘अदर’ दिसतो का? जोडीदार सापडला तर मेजर हा एका वर्गाचं नाव आहे. मग त्याला त्या खात्यात आधीच ठरलेलं मराठी नाव असतं. ते शोधायचं, स्वतः घडवायचं नाही. जोडीदार नसला तर ते साधं विशेषण, त्याकडे पाचव्या पायरीत येऊ.

एक सावधगिरी. पाटबंधाऱ्याच्या कागदात ‘मायनर’ दिसला तर दचकू नका. तिथं मायनर म्हणजे वितरिकेतून निघणारी लघुवितरिका, कालव्याचा छोटा फाटा. पेंचच्या लाभक्षेत्रातला शेतकरी “मायनरले पाणी आलं का?” असं विचारतो, तेव्हा तो कुणा अल्पवयीन मुलाची चौकशी करत नसतो.

3. रेघ कुठं मारली आहे ते पाहा

वर्ग आहे म्हणजे कुठंतरी रेघ आहे. रेघेच्या अलीकडे मायनर, पलीकडे मेजर. ही रेघ खात्याखात्यानं बदलते आणि बरोबर मराठी शब्दही बदलतो. या पायरीवर वेळ घालवा, कारण चुका सगळ्यात जास्त इथंच होतात.

वय. इथं मेजर म्हणजे सज्ञान. 1875 च्या केंद्रीय कायद्यानं 18 वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान ठरते. जन्माचा दिवस पूर्ण धरतात, म्हणून 10 जून 2008 ला जन्मलेला मुलगा 10 जून 2026 चा दिवस सुरू होताच सज्ञान. पूर्वी कोर्टानं पालक नेमला असेल तर हीच रेघ 21 वर होती. 1999 च्या दुरुस्तीनं ती काढली. त्यामुळे जुन्या फायलीत 21 दिसलं तर टायपिंगची चूक समजून 18 करू नका.

याच कागदांत तीन खड्डे आहेत.

पहिला टायपिंगचा. ‘सज्ञान’वर चुकून अनुस्वार पडला की ‘संज्ञान’ होतं, आणि हिंदी कायद्याच्या भाषेत संज्ञान म्हणजे दखल. नागपुरात हिंदी-मराठी कागद एकाच टेबलावरून जातात, बोटांना सवय लागलेली असते.

दुसरा लग्नाचा. सज्ञान झाला म्हणजे लग्नाच्या वयाचा झाला असं नाही. 2006 च्या कायद्याप्रमाणे मुलीसाठी 18 आणि मुलासाठी 21. ‘मेजर’चं भाषांतर ‘विवाहयोग्य’ असं केलेलं मी पाहिलं आहे. मुलगा 19 वर्षांचा होता.

तिसरा मायनरचा. महसुली मराठीत त्याला ‘अज्ञान’ म्हणतात. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असं दिसतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई. लोकांना तो शब्द लागतो. “पोट्टा दहावीत पहिला आला जी, अन् तुमी अज्ञान लिहून राहिले?” असं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. इतर कागदात मी ‘अल्पवयीन’ लिहितो, सातबाऱ्याच्या संदर्भात मात्र ‘अज्ञान’च ठेवतो, कारण तिथं तोच शब्द चालतो.

आणि हा नुसता शब्दाचा खेळ नाही. मूल 18 चं झालं की अ.पा.क.चा शेरा आपोआप जात नाही. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, अर्ज द्यावा लागतो. सोबत जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, ओळखपत्र आणि चालू सातबारा. मग फेरफार होऊन शेरा कमी होतो. बँकेतही तसंच. तिथले लोक ‘मायनर टू मेजर करायचं आहे’ म्हणतात. नवा फोटो, नव्यानं केवायसी, मुलाची स्वतःची नमुना सही. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, तेही 18 नंतर अर्ज करून बदलून घ्यावं लागतं. अशा अर्जाचं मराठी करताना ‘खातेदार आता सज्ञान झाला असल्याने’ एवढं स्वच्छ वाक्य पुरतं.

रस्ते. हा तर आपल्या गावचा विषय. डिसेंबर 1943 मध्ये देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि 20 वर्षांचा रस्तेविकासाचा आराखडा तयार झाला. त्याला आजही नागपूर आराखडा म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथं घातली गेली. तिच्यातला मेजर डिस्ट्रिक्ट रोड म्हणजे आपला ‘प्रमुख जिल्हा मार्ग’. सार्वजनिक बांधकामच्या निविदेत ‘प्रजिमा’ असं त्याचं लघुरूप येतं, पुढे क्रमांक. त्याचा जोडीदार इथं मायनर नसून ‘अदर’ आहे : इतर जिल्हा मार्ग, म्हणजे ‘इजिमा’. तेव्हा ‘मोठा जिल्हा रस्ता’ लिहिलंत तर बांधकाम खात्यातला कारकून तुमच्याकडे चष्म्यावरून पाहील.

रस्ता ‘प्रमुख’, पण त्याच रस्त्यावरचा मेजर ब्रिज ‘मोठा पूल’. रस्त्यांच्या कामात 6 मीटरपर्यंत मोरी, त्यापुढे 60 मीटरपर्यंत लहान पूल आणि 60 च्या वर मोठा पूल. रेल्वेचा हिशेब निराळा. तिथं पाण्याच्या वाटेची एकूण लांबी 18 मीटर किंवा एकच गाळा, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, 12 मीटर भरला की पूल मेजर. म्हणजे एकाच नाल्यावर शेजारी शेजारी असलेल्या, सारख्याच लांबीच्या दोन पुलांपैकी रेल्वेचा मेजर आणि रस्त्याचा मायनर असू शकतो. कोपऱ्यात पेन्सिलनं खात्याचं नाव लिहायला मी म्हटलं, ते यासाठी.

धरणं. मेजर म्हणजे ‘मोठा प्रकल्प’, मीडियम म्हणजे ‘मध्यम’, मायनर म्हणजे ‘लघु’. ही रेघ भिंतीच्या उंचीवर किंवा साठ्यावर ठरत नाही, लागवडीयोग्य लाभक्षेत्रावर ठरते. 10,000 हेक्टरच्या वर मोठा, 2,000 ते 10,000 मध्यम, 2,000 पर्यंत लघु. गोसीखुर्द मोठा, यात कोणाला शंका नाही. पण ‘प्रमुख प्रकल्प’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की कोणीतरी महत्त्वाच्या प्रकल्पांची यादी केली आहे.

खनिजं. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय नागपुरात, राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचंही नागपुरातच. मनसर, कांद्री, गुमगावला मँगनीज निघतं, कोळसा तर चारी बाजूंना. त्यामुळे हे कागद येणारच. मायनर मिनरल म्हणजे ‘गौण खनिज’. हा शब्द इतका रुळला आहे की रेतीच्या ट्रकवाल्यालाही पाठ आहे. मेजर मिनरल म्हणजे ‘प्रमुख खनिज’. 1957 च्या केंद्रीय कायद्यात व्याख्या फक्त गौण खनिजाची आहे : इमारतीचा दगड, मुरूम-बजरी, साधी माती, साधी रेती आणि केंद्र सरकार अधिसूचनेनं ठरवील ती. उरलेली सगळी प्रमुख.

ही रेघ सरकतेही. 2015 मध्ये केंद्रानं 31 खनिजं एकदम गौण यादीत टाकली. त्यांतली बॅराइट, फेल्डस्पार, अभ्रक आणि क्वार्ट्झ ही चार फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा प्रमुख झाली. दगड तोच, खाण तीच, शब्द मात्र दोनदा बदलला. म्हणून खनिजाच्या कागदावरची तारीख पाहिल्याशिवाय भाषांतराला हात लावू नका.

गौण म्हणजे क्षुल्लक, असं समजून एका मुलानं माझ्याकडे ‘किरकोळ खनिज’ लिहून आणलं होतं. शब्दकोशात ते चूक ठरणार नाही, पण तहसील कार्यालयात कोणाला कळणार नाही.

‘किरकोळ’ची जागा दुसरीकडे आहे. सरकारी नोकराच्या विभागीय चौकशीत मेजर पेनल्टी म्हणजे ‘जबर शिक्षा’ आणि मायनर म्हणजे ‘किरकोळ शिक्षा’. राज्याच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांत आठवा नियम जबर शिक्षेच्या कार्यपद्धतीचा, दहावा किरकोळ शिक्षेच्या. ठपका किरकोळ, बडतर्फी जबर. ‘जबर’ हा मला या सगळ्या यादीतला सर्वांत आवडता शब्द. मेजरचं इतकं ठसठशीत मराठी दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

अर्थसंकल्पात मेजर हेड म्हणजे ‘प्रधान शीर्ष’, चार आकडी : 2202 सर्वसाधारण शिक्षण, 3054 रस्ते व पूल. मायनर हेड ‘गौण शीर्ष’, तीन आकडी. आकडे तसेच उतरवायचे, एवढंच.

नागपूरला समुद्र नाही, तरी बंदराचं एक उदाहरण देतो, कारण ते विसरलं जात नाही. मेजर पोर्ट, म्हणजे ‘प्रमुख बंदर’, हे केंद्राच्या अखत्यारीतलं बंदर. गुजरातमधलं मुंद्रा मालवाहतुकीत देशात पहिल्या रांगेत आहे, पण खाजगी कंपनी चालवते आणि राज्याच्या अखत्यारीत येतं, म्हणून कागदावर ते मेजर नाही. आकारानं केवढंही असो.

4. काही मेजर तसेच राहू द्या

थॅलेसेमिया मेजर. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे कागद बरेच येतात. एका शाळेच्या अर्जासाठी कोणीतरी ‘मोठा थॅलेसेमिया’ असं करून दिलेलं मी पाहिलं. त्याच कुटुंबातल्या आईच्या रिपोर्टाचं मराठी होतं ‘लहान थॅलेसेमिया’. वाचणाऱ्याला वाटावं की आईचा पुढे वाढणार आहे. तसं काही नसतं. मायनर म्हणजे ती व्यक्ती वाहक आहे, तिला सहसा उपचार लागत नाहीत आणि तिचा मायनर कधी मेजर होत नाही. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला मात्र नियमित रक्त द्यावं लागतं. आई-वडील दोघं मायनर असतील तर दर गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता 25 टक्के. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत थॅलेसेमिया आहे, त्यामुळे या एका शब्दावर प्रमाणपत्र अडू शकतं. ‘थॅलेसेमिया मेजर’ असंच लिहा. गिऱ्हाइकाला अर्थ तोंडी सांगा, किंवा डॉक्टरांना विचारायला सांगा.

फौजेतला मेजर. कॅप्टनच्या वर, लेफ्टनंट कर्नलच्या खाली. कामठीत लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर असल्यानं पेन्शनचे, बदलीचे कागद येतात. सुभेदार मेजर हे वेगळं पद आहे, मेजर जनरल तर फारच वर. आपल्याकडे गावात निवृत्त जवानालाही प्रेमानं “काय मेजर” म्हणतात. ते बोलण्यात गोड वाटतं. शपथपत्रात मात्र पद डिस्चार्ज बुक पाहूनच लिहा.

संगीतात सी मेजर, जी मेजर. मेजर स्केल आपल्या बिलावल थाटाशी जुळतं, पण भाषांतरात बिलावल लिहू नका. कॉलेजात नव्या धोरणानंतर मेजर-मायनर विषय आलेत. पोरं ‘माझा मेजर इतिहास’ असं सरळ म्हणतात, आणि गुणपत्रिकेचं मराठी करताना मीही तेच ठेवतो.

आकाशात मात्र चक्क मराठी नावं आहेत. कॅनिस मेजर म्हणजे बृहल्लुब्धक, व्याधाचा तारा त्यातला. अर्सा मायनर म्हणजे ध्रुवमत्स्य. हे काम मला सगळ्या वर्षांत एकदाच आलं.

5. जोडीदार नसलेला मेजर

आता साधी वाक्यं. बातम्या, अहवाल, कंपनीची पत्रं. इथं गोंधळ मेजर आणि मेन यांच्यात होतो.

मेन एकच असतो. मेजर अनेक असू शकतात. ‘अ मेजर रीझन’ म्हणजे एक मोठं कारण, ‘द मेन रीझन’ म्हणजे मुख्य कारण. अपघाताच्या अहवालात तीन ‘मेजर कॉजेस’ दिली असतील आणि तुम्ही तिन्हींना ‘मुख्य कारण’ म्हटलंत, तर विम्याचा माणूस विचारील की यातलं मुख्य कोणतं. तिथं ‘प्रमुख कारणं’ लिहा. मुख्य एक, प्रमुख अनेक, असा भेद मी पाळतो. मराठीत तो काटेकोर नाही हे मला माहीत आहे, पण कागदाला त्यानं बळकटी येते.

इम्पॉर्टंट वेगळा. लहानशी गोष्टही महत्त्वाची असू शकते. कागदावरची तारीख महत्त्वाची असते, पण ती मेजर नसते. मेजरमध्ये आकार, प्रमाण, परिणाम असं काहीतरी मोजण्याजोगं दडलेलं असतं. म्हणून बहुतेक वेळा ‘मोठा’ हा साधा शब्दच चपखल बसतो : मोठी दुरुस्ती, मोठे बदल, मोठी शस्त्रक्रिया, मोठी आग. लोक ‘महत्त्वपूर्ण’कडे का धावतात ते मला कळलेलं नाही. आणि ‘महत्त्व’ लिहायचंच असेल तर त्यात त दोनदा येतो. ‘महत्व’ ही चूक सरकारी फलकांवरही दिसते.

अमुक गोष्ट ‘प्लेज अ मेजर रोल’ असं आलं की ‘मोठी भूमिका बजावते’ लिहायचा मोह होतो. भूमिका माणसानं बजावावी. संत्र्याचे भाव पडण्यात गारपिटीनं कसली भूमिका बजावायची? ‘भाव पडायला गारपीट बरीच कारणीभूत झाली’ असं लिहा, किंवा ‘यात गारपिटीचा मोठा हात आहे’.

6. उलट जाताना, म्हणजे मराठीतून इंग्रजीत

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे मेजरचे लॅटिन भाऊबंद. त्यांच्यापुढे ‘टू’ लागतं : सीनियर टू मी. मेजरपुढे तसं लावत नाहीत. ‘दॅन’ही लावत नाहीत. ‘धिस प्रॉब्लेम इज मेजर दॅन दॅट’ हे चूक. ‘मोर मेजर’ही कानाला खटकतं, कारण आधीच ‘अधिक मोठा’ असलेल्याला पुन्हा ‘अधिक’ कशाला? तुलना करायचीच असेल तर ‘बिगर’ किंवा ‘मोर सीरियस’ वापरा.

मेजर शक्यतो नामाच्या आधी ठेवा : ‘अ मेजर प्रॉब्लेम’. ‘द प्रॉब्लेम इज मेजर’ बोलण्यात चालून जातं, अर्जात नको. वयाच्या अर्थानं मात्र भारतीय कोर्टकचेरीत तो नाम म्हणूनच येतो : ‘ही इज अ मेजर’. तिथं ‘अ’ विसरू नका. फौजेतल्या माणसाबद्दलही वाक्य अगदी हेच होईल, म्हणून मी सरळ ‘ही हॅज अटेन्ड मेजॉरिटी’ लिहितो.

मेजॉरिटी मोजता येणाऱ्यांची असते : सभासदांची, मतांची. पाण्याची किंवा वेळेची मेजॉरिटी लिहू नका, तिथं ‘मोस्ट’ पुरतं.

7. एकाच मेजरमागे लपलेला दुसरा मेजर

देवनागरीत इंग्रजीचे दोन वेगळे शब्द एकाच वेषात येतात. माप घेणं या अर्थाचा शब्द इंग्रजीत ‘मेझर’च्या जवळचा आहे, पण आपण तोही मेजरच म्हणतो. सुताराची मेजर टेप, खिडकीचं मेजर घेणं, ठेकेदाराचं मेजरमेंट बुक. एकदा इंटिरिअरच्या कामाचा मराठी करारनामा इंग्रजीत करायला आला. त्यात होतं, ‘मेजर झाल्यावर 40 टक्के रक्कम द्यावी.’ मी मेजर वर्क, म्हणजे मोठं काम, असं समजून इंग्रजी केलं. ठेकेदाराला हवं होतं माप घेऊन झाल्यावर. काम अर्ध्यावर येईपर्यंत थांबायचं की पहिल्याच दिवशी पैसे मागायचे, एवढा फरक त्या एका शब्दानं पडत होता. सही होण्याआधी त्याच्याच पोरानं ते पकडलं. तेव्हापासून मराठीत मी ‘माप’ आणि ‘मोजपट्टी’ लिहितो.

8. वाचून दाखवा, सहीच्या आधी

छापलेली प्रत गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका. आधी मोठ्यानं वाचून दाखवा. ज्याचं जगणं त्या कागदात आहे त्याला चूक ऐकू येते, मग त्याला इंग्रजी येवो न येवो. वाचताना प्रत्येक मेजरपाशी थांबून साध्या भाषेत विचारा : “दोघांचंही अठरा पूर्ण झालं ना, काकू?” “पैसे माप झाल्यावर ना, दादा?” उत्तर ‘हो’ आलं तर पुढे जा. ‘म्हंजे?’ आलं तर परत दुसऱ्या पायरीवर.

आणि हे सगळं नोटरीकडे जाण्याआधी. शिक्का बसल्यावर एक शब्द बदलायचा म्हटलं तरी नवा कागद, नवा स्टॅम्प आणि पुन्हा रांग. काकूंचं काम त्या दिवशी साडेचारला झालं. ‘मोठे’ खोडून ‘सज्ञान’ केलं, धाकट्याची जन्मतारीख कंसात घातली आणि प्रिंटरमधला कागद संपल्यामुळे शेवटचं पान शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलं.